नवीन पिकअप ऑइल खात होती, रबाळ्याच्या गॅरेजचा रिव्ह्यू (सोबत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा पण)

आधी मार्क देऊन टाकतो. गॅरेजला पाचपैकी साडेचार. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दोन, त्यातला एक वॉशिंग करणाऱ्या पोरांचा, गाडी खरंच चकाचक करतात. सेंटरचं नाव लिहीत नाही कारण वॉरंटी अजून चालू आहे आणि गाडी परत त्यांच्याच दारात न्यायचीय. गॅरेजला तर नावच नाही, पत्र्याची शेड, बोर्डवर 'डिझेल, टर्बो काम' एवढंच, रबाळे एमआयडीसीत ठाणे-बेलापूर रोडवरून आत वळलं की कुणालाही विचारा.

आमचं कळव्यात मंडप डेकोरेशनचं काम आहे. गाडी बीएस ६ (म्हणजे धुराच्या नवीन नियमांची) डिझेल पिकअप, घेऊन दोन वर्षं पण झाली नाहीत. लोखंडी पाइप, खुर्च्या, कार्पेट असा लोड, आणि निम्मं आयुष्य घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये. लग्नसराईत लक्षात आलं की ड्रायव्हरच्या सीटमागे ऑइलचा एक लिटरचा डबा कायमचा मुक्कामाला आलाय. विचारलं तर बोलला, शेठ दर काही दिवसांनी ऑइल मोजायची पट्टी मिनिममला येते म्हणून मी टाकतो. डॅशबोर्डवर लाइट वगैरे काहीच नाही. आणि ती लाल लाइट ऑइलच्या प्रेशरची असते, लेव्हलची नाही, ती पेटेपर्यंत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, फार काही उरलेलं नसतं, त्यामुळे लाइटच्या भरवशावर राहणाऱ्यांनी आजच पट्टी काढून बघा.

सर्व्हिस सेंटरला गेलो. अॅडव्हायझर एकदम गोड माणूस. "सर, नवीन इंजिनमध्ये एवढं चालतं." मी म्हटलं किती चालतं ते सांगा. मग मॅन्युअल आलं. बऱ्याच कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटर ऑइल जाणं हे लिमिटमध्ये धरतात, पुस्तकात बारीक अक्षरात असतं ते. आता साधा हिशोब करा, आपल्या पिकअपच्या चेंबरमध्ये सहा-सात लिटर मावतं, दर हजारला लिटर गेलं तर एका सर्व्हिसिंगपासून दुसऱ्या सर्व्हिसिंगपर्यंत सगळं ऑइल एकदा जळून वर नवीन भरलेलं असेल, आणि हे म्हणे नॉर्मल. जॉब कार्डवर 'ऑइल टॉप-अप केले' लिहून तोंडाला पानं पुसली. ऑइल कमी होतंय ही तक्रार लिहा म्हटलं तर वेड पांघरून पेडगावला. लीक नाही सर, धूर नाही सर, तुम्ही चालवत राहा.

मग एका टेम्पोवाल्याने या रबाळ्याच्या मिस्त्रीचं सांगितलं. मला वाटलेलं हा बघताक्षणी हाफ इंजिन, म्हणजे इंजिन खोलून अर्धं काम, सांगणार, कारण बाहेर ऑइल खातंय म्हटलं की पिस्टनच्या रिंगा गेल्या हेच ऐकायला मिळतं. या माणसाने पान्याला हातच लावला नाही. पट्टी काढली, पुसली, परत घातली, काढली, मग ऑइलचा थेंब अंगठा आणि बोटात चोळला, नाकाशी नेला आणि माझ्या नाकाशी धरला. डिझेलचा वास! बोलला, "दादा, पट्टीवर जेवढं दिसतंय तेवढं पण ऑइल नाहीये, यात डिझेल मिसळलंय."

हे प्रकरण मला तोपर्यंत कुणी नीट सांगितलंच नव्हतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं आणि बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ बसला, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. ती भरली की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून तिला तापवतं आणि काजळी जाळून टाकतं, याला रिजनरेशन म्हणतात. आता गाडी सलग पळाली तर ते काम पूर्ण होतं. आमची गाडी कापूरबावडीला थांब, गायमुखला थांब, साइटवर माल उतरेपर्यंत ड्रायव्हर एसी लावून इंजिन चालू ठेवून बसलेला, म्हणजे रिजनरेशन अर्धवट सुटतं, परत सुरू होतं, आणि त्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. म्हणजे एकीकडून ऑइल जातंय, दुसरीकडून डिझेल येतंय, पट्टी बिचारी मधलाच आकडा दाखवते. वर ऑइल जळलं की राख होते आणि काजळीसारखी ती रिजनरेशनमध्ये जळत नाही, डीपीएफमध्येच साठत जाते. त्यामुळे ऑइलचा डबा सीटमागे ठेवून भागवू असं बीएस ६ ला चालत नाही, आणि डीपीएफची किंमत विचारून बघा एकदा, घाम फुटतो.

मग त्याने एकेक गोष्ट बाद करायला घेतली. टॉर्च घेऊन खाली झोपला, ड्रेन नट, फिल्टर, चेंबरचं पॅकिंग, सगळं कोरडं. गाडी रात्री तिथेच ठेवायला लावली, सकाळी थंड इंजिन स्वतः स्टार्ट केलं आणि धूर बघितला. पहिल्या स्टार्टला निळा भपकारा आला आणि मग साफ झाला तर वॉल्व्ह सीलवर संशय, रेस दिल्यावर निळा येत राहिला तर रिंगा नाहीतर टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा. आमच्याकडे दोन्ही नाही. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा होज काढला तर आत ऑइल साचलेलं, बोटभर. माझा चेहरा पडला, म्हटलं टर्बो गेला. त्याने टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून बघितला, मलाही हलवायला दिला, प्ले म्हणजे ढिलेपणा नव्हता.

शेवटी ब्रीदर, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर सोडणारी लाइन. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण नुसतं सैल केलं तर ते उडायलाच लागलं. म्हणजे चेंबरमध्ये प्रेशर तुंबलंय. पण प्रेशर घासलेल्या रिंगांमुळे पण तुंबतं, म्हणून त्याने ब्रीदरचा पाइप काढला आणि परत झाकण ठेवून बघितलं, आता शांत. आणि उघड्या पाइपातून पण फार वाफारा नाही. म्हणजे रिंगा बऱ्या आहेत, ब्रीदरचा वॉल्व्हच जाम. प्रेशर तुंबलं की टर्बोतून खाली येणारं ऑइल नीट उतरत नाही, मग ते सीलमधून इनटेकच्या पाइपात जातं आणि तिथून जळायला सिलिंडरमध्ये.

आता साडेचार मार्क कशाला दिले ते. पार्ट त्याच्याकडे मिळत होता, बदलून पैसे घेऊ शकला असता. नाही घेतले. "वॉरंटी आहे ना, मग त्यांच्याकडूनच घ्या, मी खोललं तर उद्या बाहेर हात लावला म्हणून हात वर करतील." उलट त्याने मोजायची पद्धत सांगितली. नवीन ऑइल सेंटरमध्येच भरून घ्या, मॅक्सच्या खुणेपर्यंत, ड्रेन नट, फिल्टर आणि झाकणावर पेंटची रेघ मारून घ्या, म्हणजे मध्ये कुणी खोललं तर कळतं, ओडोमीटरचा आणि पट्टीचा फोटो, आणि हे सगळं जॉब कार्डवर. हजार किलोमीटरनंतर तिथेच, सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोडं थांबून परत पट्टी. ऑइल कंझम्प्शन टेस्ट म्हणतात याला, कंपन्यांकडे ही पद्धत असते, पण आपण नाव घेऊन मागितल्याशिवाय कुणी स्वतःहून काढत नाही. मी लेखी मागितली, ईमेलवर. ईमेल गेल्यावर तोच गोड अॅडव्हायझर अचानक जास्त गोड झाला.

एक गोष्ट मध्येच सांगतो, धंद्याची गाडी म्हणजे ग्राहक कायदा लागू नाही असं मला दोघांनी सांगितलं होतं. २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरायला घेतलेली वस्तू 'धंद्यासाठी घेतलेली' यात धरत नाहीत, म्हणजे एका गाडीवर स्वतः धंदा करणाऱ्याला दार बंद नाही. हेल्पलाइन १९१५. मला वापरायची वेळ नाही आली.

टेस्टमध्ये अर्ध्या लिटरच्या वरच गेलं, डिझेल मिसळलेलं धरलं तर खरं त्याहून जास्त. ब्रीदर वॉरंटीत बदलला, इंटरकूलरचे होज साफ केले, बिल शून्य. आता पट्टीवरची लेव्हल उतरते, पण अगदी किंचित, सीटमागचा डबा गोडाऊनमध्ये गेला. ड्रायव्हरला उभ्या गाडीत एसी बंद करायला लावलंय, त्यावरून तो अजून माझ्यावर नाराज आहे. आणि ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, कमी राखेचं, टॉप-अपला पण. जुन्या टेम्पोचं उरलेलं बीएस ६ मध्ये ओतायचं नाही.

गॅरेजचा अर्धा मार्क कापला त्याची कारणं. बसायला एक मोडकी खुर्ची, पावसाळ्यात शेडसमोर चिखल, बिल मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मिळालं तर वहीच्या कागदावर. फोन उचलत नाही, हात काळे असतात म्हणे. चेकिंगचे पैसे मात्र इतके कमी घेतले की मीच वर थोडे दिले. जाणार असाल तर गाडी संध्याकाळी सोडून या, थंड इंजिन बघितल्याशिवाय तो काही बोलतच नाही. रविवारी बंद.