उघड्या ट्रॅक्टरचा मागचा कॅमेरा: वायरचा की बिनवायरचा?

उघड्या ट्रॅक्टरवर मागचा कॅमेरा बसवायचा म्हटले की चर्चा वायरचा घ्यावा की बिनवायरचा यावरच अडते. मी दोन्ही प्रकारचे संच वापरले आहेत आणि माझ्या मते निवड कॅमेऱ्यापेक्षा मॉनिटर पाहून करावी. कॅमेरे बहुधा आयपी ६७ दर्जाचे असतात, म्हणजे त्यांच्यात धूळ शिरत नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटे ते टिकतात. मात्र ट्रॅक्टर प्रेशरच्या पाण्याने धुणार असाल तर आयपी ६९के पाहावा, कारण ६७ च्या चाचणीत जोराचा फवारा येत नाही. अडचण अशी की हा आकडा अनेकदा फक्त कॅमेऱ्याचा असतो आणि सोबतचा मॉनिटर बंद केबिनसाठी बनवलेला असतो.

बिनवायरच्या संचाची सोय मोठी आहे, हे मान्यच करायला हवे. चुंबकाने चिकटणारा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा कॅमेरा ट्रॉलीवरून उचलून रोटाव्हेटरवर लावता येतो. वायर ओढायची नाही, भोक पाडायचे नाही. मधे लोखंडी ट्रॉली आली की चित्र कधी अडखळते, पण तेवढ्यावरून मी तो नाकारला नसता.

मला नकोसे झाले ते उन्हाचे. त्या संचासोबतच्या सात इंची मॉनिटरवर पाठीमागून ऊन आले की मागच्या अवजाराऐवजी आपलाच सदरा दिसे. ट्रॅक्टरला छत असले तरी कलते ऊन त्याखालून आत येतेच. यावर उपाय म्हणून पडद्याभोवती झडप, म्हणजे उन्हाला आडोसा देणारी कड, लावतात, आणि सरळ बसून रस्त्याने जाताना ती पुरतेही. पण अवजार जोडताना आपण सरळ बसलेले नसतो. एक हात लिफ्टच्या दांड्यावर, अंग मागे वळलेले आणि पायांवर अर्धवट उठलेले, अशा वेळी वरून पाहताना झडपेची कड चित्राच्या आड येते आणि अवजार अडकवायची जी पिन पाहायची तीच झाकली जाते. शिवाय झडपेच्या कोपऱ्यांत धूळ साचते आणि ती पुसता पुसता पडद्यावर ओरखडे उठतात.

वायरच्या संचासोबत मी पाच इंची सीलबंद मॉनिटर घेतला. पडदा लहान आहे, बटणे रबराखाली असल्याने जरा कडक आहेत आणि किंमतही जास्त पडते. पण उन्हात वाचता यावा म्हणून त्याचा पडदा साधारण १००० निट्स (पडद्याच्या उजेडाचे माप) उजेडाचा आहे; त्यामुळे झडप लागत नाही आणि भर दुपारी, कुठल्याही कोनातून, पिन दिसते. वायर मात्र टॉपलिंकच्या, म्हणजे अवजाराला वरून जोडणाऱ्या दांड्याच्या, हालचालीत चेपणार नाही अशी सैल सोडावी, वाटेत फ्यूज ठेवावा आणि वीज चावीच्या स्विचमधून घ्यावी. स्टार्टर फिरताना बॅटरीचा दाब खाली येतो, म्हणून इंजिन सुरू करताना मॉनिटर क्षणभर बंद होऊन पुन्हा लागू शकतो. तो बिघाड नव्हे.

ज्यांचे काम मुख्यतः संध्याकाळी असते, किंवा ज्यांना अवजारे सतत बदलावी लागतात, त्यांना बिनवायरचा संच अधिक सोयीचा वाटेल आणि त्यात वावगे काही नाही. बाकीच्यांनी, शक्य असल्यास, मी घेतला तसा सीलबंद मॉनिटर पाहावा. घेण्यापूर्वी तो दुकानाच्या सावलीतून बाहेर काढून उन्हात, उभे राहून आणि बाजूने पाहावा, आणि चित्र आरशासारखे उलटे करण्याची सोय आहे ना तेही तपासावे. नाहीतर डावीकडचे चाक उजवीकडे दिसते.