ओल्या वाळूसाठी मोहर-कूलम की पीएम४सँड?

नाशिकच्या एका एम.टेक.वालीचा प्रश्न: गोदाकाठच्या भरावाखालच्या संपृक्त (पाण्याने पूर्ण भरलेल्या) वाळूचं वागणं संगणकावर मोजायला मोहर-कूलम आणि पीएम४सँड यांपैकी कोणतं मॉडेल घेऊ?

मोहर-कूलमला घर्षणकोन, कोहेजन (कणांचा आपसातला चिकटपणा) आणि लवचिकतेचे आकडे पुरतात. साधा लॅपटॉपही गणित झटपट उरकतो. पण सैल वाळू दर हादऱ्याला आकसू पाहते, पाण्याला निसटायला वेळ नसतो, छिद्रदाब (कणांमधल्या पाण्याचा दाब) चढतो आणि कणांची पकड सुटते. हे त्याला दिसतच नाही. डायलेशन कोन (सरकताना वाळू किती फुगते ते सांगणारा) शून्याच्या वर ठेवलात तर निचऱ्याविना मॉडेलमधली ताकद वाढतच जाते. हे धोकादायक आहे!

पीएम४सँड भूकंपासाठीच घडवलेलं. मुख्य आकडे ३च, पण आकुंचनाचा आकडा चाचणीशी जुळवताना घाम निघतो. मूळ रूप द्विमितीय.

निचरा होणाऱ्या उताराच्या स्थिरतेला मोहर-कूलम पुरे. लिक्विफॅक्शनची (हादऱ्याने वाळू द्रवासारखी होण्याची) शंका असेल तर पीएम४सँडच घे, वेळ लागला तरी.