एएमए चार्टर की क्लबची स्वतःची पॉलिसी?

अमेरिकेत मॉडेल विमानांचा क्लब चालवायचा म्हटलं की हा प्रश्न येतोच, अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सचं म्हणजे एएमएचं (1936 पासूनची संस्था) चार्टर घ्यायचं (म्हणजे क्लब अधिकृतपणे त्यांच्याशी जोडायचा) की बाहेरून क्लबच्या नावाने लायबिलिटी पॉलिसी, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाईचा विमा, काढायची.

एएमएमध्ये मेंबरला 25 लाख डॉलरपर्यंतचं लायबिलिटी कव्हर मिळतं, आणि ते माणसासोबत फिरतं, म्हणजे दुसऱ्या क्लबच्या फील्डवर उडवलं तरी चालतं. फक्त ते बहुतेक वेळा सेकंडरी असतं, आधी तुमचा घराचा इन्शुरन्स, मग हे, आणि एएमएचा सेफ्टी कोड म्हणजे उडवण्याचे सुरक्षा नियम पाळले नाहीत तर क्लेमला अडचण येऊ शकते, त्यामुळे कोड नीट वाचाच. खरा फायदा जागेचा आहे, शेत देणाऱ्या मालकाला पहिली भीती कोर्टकचेरीची असते आणि चार्टर्ड क्लब त्याचं नाव कव्हरमध्ये घालून सर्टिफिकेट देऊ शकतो, मग बोलणं सोपं होतं. अडचण एकच, उडवणाऱ्या प्रत्येकाला एएमए मेंबर व्हावं लागतं, कधीतरी येणाऱ्यांना ते जड जातं.

स्वतःच्या पॉलिसीत ही सक्ती नाही. पण एक्सक्लुजन बघा, कित्येक जनरल लायबिलिटी पॉलिसीत एअरक्राफ्टच वगळलेलं असतं! मग कागद असून उपयोग काय?

एफएएचे (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचे) नियम दोन्हीकडे तेच, ट्रस्ट (TRUST) ही हौशी उडवणाऱ्यांसाठीची सुरक्षा टेस्ट, आणि 250 ग्रॅमच्या वरच्या मॉडेलचं रजिस्ट्रेशन.

माझं मत, जागा भाड्याची असेल तर एएमएच घ्या.