बायसन, आठ महिन्यांनंतर: मटण झकास, पाकिटं दोन पाउंडाची

मागच्या रविवारी रात्री शिकागोहून नेब्रास्कात ओमाहाला घरी आलो, गॅरेजमध्ये बॅगा ठेवल्या आणि फ्रीझरचा हिरवा दिवा दिसेना. शनिवारच्या वादळात भिंतीवरचा जीएफसीआय, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा सॉकेट, ट्रिप झाला होता, आणि तो हातानं दाबल्याशिवाय परत चालू होत नाही. शेजाऱ्याच्या हिशेबानं वीज संध्याकाळी सातला गेली आणि वीस मिनिटांत आली. म्हणजे फ्रीझर सव्वीस तास बंद. आत पंचेचाळीस-पन्नास पाउंड बायसन उरलं होतं, आणि गॅरेज ऑगस्टमधलं.

डिसेंबरात साउथ डकोटात अख्खं बायसन मारून मटण घरी आणलं, तो अनुभव तेव्हापासून लिहायचा राहिला होता, त्या रात्री झोप लागेना म्हणून लिहायला घेतला.

प्रकार काय असतो ते बहुतेकांना माहीत असेल. रँचवाल्याचा खाजगी कळप, त्यातलं एक जनावर ठरवून मारायचं आणि मटण घरी न्यायचं. साउथ डकोटात खाजगी बायसन म्हणजे पाळीव जनावर, त्यामुळे शिकारीचं लायसन्स नको, परमिटची लॉटरी नको. मी आणि ऑफिसातला एक मित्र निम्मे-निम्मे. तो जन्माचा नेब्रास्कावाला, रायफल त्याची. आय-29 हायवेनं वर, मग आय-90नं पश्चिमेला, चेंबरलेनला मिसूरी ओलांडली की पुढे नुसतं गवत आणि वारा. मोठ्या शिंगांचा म्हातारा नर ट्रॉफीवाल्यांसाठी असतो, महाग आणि चिवट. आम्ही भाकड मादी घेतली.

हिशेब आधी सांगतो, कारण सगळे तोच विचारतात. जनावर 3,200 डॉलर. कसायाचे हँगिंग वेटवर, म्हणजे सोलून-साफ करून टांगलेल्या धडाच्या वजनावर, पाउंडाला 1.40, वजन भरलं 480 पाउंड, म्हणजे 672. पेट्रोल आणि मोटेल 248. एकूण 4,120. हाडं वगळून हातात आलं 310 पाउंड. भागाकार करा, पाउंडाला 13.29 डॉलर येतं. आमच्या दुकानात बायसनचा खिमा बाराच्या आत मिळतो. पण स्टेक पंचविसाच्या पुढे असतात, आणि इथे दोन्ही एकाच भावात पडतात. म्हणजे स्टेकवर कमावलं आणि खिम्यावर घालवलं. जिवंत वजन ऐकून हुरळून जाऊ नका. हजार पाउंडाच्या जनावरातून घरी तीनशे-चारशेच येतात.

शिकारीची हौस असेल तर मात्र जाऊ नका, सरळ सांगतो. आम्ही पिकअपमध्ये बसलो, आणि गाडी दिसताच कळप आमच्याकडेच चालत आला, कारण त्याच गाडीतून त्यांना खाद्य मिळतं. मित्राचा चेहरा पडला. रँचवाल्यानं बोटानं मादी दाखवली आणि दहा मिनिटं एकच गोष्ट बजावत राहिला: खाली मार. बायसनच्या खांद्यावर जे उंच वशिंडासारखं दिसतं, त्यात मणक्याची लांब हाडं असतात. काळीज पार खाली, पुढच्या पायाच्या मागे. नवखा माणूस उंचीला फसतो आणि गोळी वरून घालवतो. गोळी तांब्याची हवी, शिशाची नको, शिशाचे बारीक कण मटणात राहतात. मित्रानं एका गोळीत काम केलं. मादी चार पावलं चालली आणि बसली.

त्यानंतरचं मला कुणी सांगितलं नव्हतं. बाकीचा कळप पळाला नाही. सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या, हुंगत राहिल्या, एक तर शिंगानं उठवायला बघत होती. रँचवाल्यानं गाडी पुढे घालून त्यांना बाजूला काढलं. पाच-सात मिनिटं गेली असतील. मी फोन खिशात ठेवला तो परत काढलाच नाही.

पुढे मात्र घाई. एवढं मोठं धूड आतून लवकर थंड होत नाही, बाहेर उणे दहा असलं तरी हाडाजवळ मटण बिघडतं. लोडरनं उचललं, पोट साफ केलं, दुपारपर्यंत कसायाकडे. कातडं घेतलं नाही. कमावायला हजाराच्या वर सांगत होते आणि महिनोन्महिने थांबा म्हणत होते. जानेवारीत इथे थंडी पडली तेव्हा हा निर्णय जरा चुकल्यासारखा वाटला.

फोनवर आईला सांगितलं तर ती घाबरली. "गवा मारलास व्हय रं? फॉरेस्टवाले धरतील की!" चूक तिची नाही. आमचं गाव राधानगरीच्या अंगाला, उसात गवा घुसला की अख्खी वाडी डबे वाजवत बाहेर. आणि ते अभयारण्य 1958 साली झालं तेच मुळी दाजीपूर बायसन अभयारण्य म्हणून. साहेबांनी गव्याला बायसन म्हटलं आणि गोंधळ कायमचा झाला. गवा वेगळा, तो मारणं गुन्हा. हा इथला केसाळ, दाढीवाला. एके काळी कोट्यवधी होते, 1880च्या दशकाअखेरीस जेमतेम हजारभर उरले होते. आज जे काही लाख आहेत त्यातले बहुतेक खाण्यासाठीच पाळलेले. 2016 साली त्याला राष्ट्रीय सस्तन प्राणी केलं आणि तरी दुकानात त्याचा खिमा मिळतो, हे आईला समजावणं मी सोडून दिलं. "म्हणजे बीफच ना?" असं विचारणारे मित्रही आहेत. ज्याला नको त्याला मी आग्रह करत नाही, ताटं वाढून वाद कोण घालणार.

आता मुद्द्यावर. खिमा दोन-दोन पाउंडाच्या पाकिटांत आला.

माझ्या वाट्याला 155 पाउंड, त्यातला 80 पाउंड खिमा. म्हणजे चाळीस पाकिटं, प्रत्येक जवळजवळ किलोभर. घरात आम्ही दोघं आणि आठ वर्षांचा मुलगा. आम्हाला एका वेळी एक पाउंड पुष्कळ होतो. पाकीट काढलं की सोमवारी खिमा-पाव, मंगळवारी खिमा-पराठा, बुधवारी मुलगा डबा न उघडता परत आणतो. करवतीनं अर्ध करून पाहिलं, करवत गेली. विकावं तर प्रत्येक पाकिटावर "नॉट फॉर सेल" असा शिक्का, कारण ते तपासणीविना फक्त मालकासाठी कापलेलं मटण. वाटलं तर पाहुण्यांना फुकट जेवू घालायचं. 13.29 भावाचं!

सात महिने मी त्या कसायाला शिव्या घातल्या. ज्याला त्याला सांगितलं की मी एक पाउंड सांगितलं होतं. जुलैत मित्राच्या घरी गेलो, त्याच्या फ्रीजवर कटशीटची, म्हणजे मटण कसं कापायचं ते कसायाला लिहून द्यायच्या फॉर्मची, कॉपी लावलेली. खिम्यापुढे ठसठशीत 2. अक्षर मित्राचं. त्याच्या घरात चार मुलं आहेत. फॉर्म भरताना मी गाडीत हीटर लावून झोपलो होतो, हेही त्यानंच आठवण करून दिलं. तेव्हा कसायाबद्दलचं सगळं मागे घेतो. काम त्याचं चोख आहे: दहा दिवस टांगून मुरवलं, गुंडाळी घट्ट, आठ महिन्यांत एकाही पाकिटाला बर्फ लागला नाही.

मटणाबद्दल. चव बकऱ्यासारखी नाही, उग्र तर अजिबात नाही, जरा गोडसर. चरबी मांसात मुरलेली नसते, आणि आपली सगळी सवय चरबीवर बेतलेली. पहिला तांबडा रस्सा मी बकऱ्याच्या मटणासारखा कुकरला लावला, फोडी दोरासारख्या झाल्या आणि वर कट म्हणून काही आलंच नाही. कट तेलाचाच आणावा लागतो. खांद्याच्या फोडी जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर तीन तास, कांदा-लसूण मसाला शेवटी, मग सुक्कं असं होतं की बोलू नका. स्टेक आत लाल असतानाच उतरवा, नाहीतर चप्पल. खिमा मात्र पूर्ण शिजवा, 71 अंश सेल्सिअसपर्यंत.

आणि हाडं! कसायाकडच्या बाईंनी विचारलं होतं, कुत्र्यासाठी का? मी हो म्हटलं, फुकट मिळाली. त्यांचं अळणी पाणी रात्रभर उकळलं, सकाळी नारळाचं दूध, तीळ, खसखस घालून पांढरा रस्सा केला. या सगळ्या व्यवहारातली सगळ्यात चांगली वस्तू हीच, आणि तिचा भाव शून्य.

परत रविवारच्या रात्रीकडे. गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता 48 तास तग धरतो, अर्धा भरलेला 24. माझा अर्ध्याहून कमी. वरच्या थरातले स्टेक आणि काळीज मऊ पडलं होतं, चिमटीत दबत होतं, काही गरम म्हणावं असं. पाच पाउंड टाकून दिले. किती डॉलरचे ते बायकोला सांगितलं नाही. खालच्या थरात दोन पाउंडाची अकरा पाकिटं होती. जाडजूड, एकमेकांना चिकटलेली, दगडासारखी. एकही मऊ नव्हतं.

मी गॅरेजच्या फरशीवर बसून ती एकेक दाबून पाहत होतो. त्यांना वाईट बोललो होतो, काय करणार.

फ्रीझरला आता बॅटरीवर चालणारा अलार्म लावलाय, पंधरा डॉलर. या डिसेंबरची मादीही बुक केली, फॉर्म या वेळी मी भरतोय. खिम्यापुढे चौकोन एकच आहे. काल कसायाकडे फोन करून विचारलं, दीड पाउंड लिहिलं तर चालेल का? त्या बाई म्हणाल्या, दीडच्या पिशव्या आम्ही ठेवत नाही.