कूलिंग सिस्टीममधील हवा: फनेलने काढावी की गॅरेजमध्ये व्हॅक्यूम लावून घ्यावा?

रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) किंवा एखादा होस पाइप बदलल्यानंतर गाडी तापू लागली, तर पहिला संशय आत अडकलेल्या हवेवर घ्यावा. गोव्यातील साखळी गावाकडून चोर्ला घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकतो, डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येते आणि तरीही टाकीतील कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी बरोबर दिसते. अशा वेळी हीटर पूर्ण गरमवर लावून पाहावा. इंजिन तापलेले असूनही गार हवा आली, तर एअर लॉक, म्हणजे अडकलेल्या हवेने कूलंटची वाट अडवलेली, असण्याची दाट शक्यता असते. गोव्याच्या हवेत हीटरला कोणी हात लावत नाही, त्यामुळे ही फुकटची तपासणी बहुधा राहूनच जाते.

घरची पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. इंजिन पूर्ण थंड असताना गाडीचे तोंड चढावर ठेवून, म्हणजे रेडिएटरचे तोंड शक्य तितके उंच आणून, त्यावर घट्ट बसणारे फनेल लावावे, हीटर गरमवर ठेवावा आणि कूलंट सावकाश भरावे. ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडण्यासाठीचा स्क्रू) असल्यास तो थोडा सैल करावा; आधी फेस थुंकल्यासारखा बाहेर येतो, मग अखंड धार लागते, तेव्हा तो बंद करावा. हा स्क्रू अनेकदा प्लास्टिकचा असतो आणि जोर लावला तर तुटतो. त्यानंतर इंजिन चालू ठेवून थांबावे. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडतो, फनेलमधील पातळी एकदम खाली बसते, मोठे बुडबुडे वर येतात, आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत ते विरळ होत जातात. या कामाला पैसे जवळजवळ लागत नाहीत. वेळ मात्र तासाभराहून अधिक जातो, आणि गाडी थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावीच लागते. तापलेल्या इंजिनाची कॅप कोणत्याही कारणाने उघडू नये.

गॅरेजमधील व्हॅक्यूम पद्धतीत कॉम्प्रेसरच्या साहाय्याने आधी सगळी हवा ओढून घेतात, मग त्याच ओढीने कूलंट आत शिरते, त्यामुळे हवेला अडकायला जागाच उरत नाही. माझ्या मते तिचा खरा फायदा वेगळाच आहे. हवा ओढल्यावर काही मिनिटे व्हॅक्यूम दाखवणाऱ्या गेजकडे पाहत थांबतात. काटा ढळला, तर कुठेतरी गळती आहे हे कूलंट ओतण्यापूर्वीच कळते. होस जुने आणि मऊ झालेले असतील, तर ते दबून चपटे होतात, हेही तेव्हाच दिसते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीसाठी ही तपासणीच मोलाची आहे.

रेडिएटरवरच कॅप असलेली साधी, पुढे इंजिन असलेली गाडी असेल, तर घरीच हवा काढावी. ओम्नी किंवा ईको यांसारख्या व्हॅनमध्ये इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पुढे असल्याने पाइप लांबलचक असतात. तिथे फनेलवर वेळ घालवण्यापेक्षा व्हॅक्यूम लावून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. इलेक्ट्रिक वॉटर पंप असलेल्या काही गाड्यांत स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचे यंत्र) जोडून पंप चालवावा लागतो, म्हणून तिथे घरचा प्रयोग नकोच.

पद्धत कोणतीही असो, विहिरीचे पाणी घालू नये. त्यातील क्षारांमुळे रेडिएटरमध्ये थर बसतो आणि गंज वाढतो. कंपनीने सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये सहसा निम्मे-निम्मे मिसळावे, किंवा तयार मिश्रण घ्यावे. सांडलेले कूलंट लगेच पुसून टाकावे, कारण त्यातील इथिलीन ग्लायकॉल गोडसर असते, रस्त्यावरची कुत्री ते चाटतात आणि थोडेसेही त्यांच्या जिवावर बेतते.

दोन्ही पद्धतींनी हवा काढूनही बुडबुडे थांबत नसतील, कूलंट कमी होत असेल, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असेल किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधील सील) गेल्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा हवा काढण्यावर आणखी पैसे न घालवता ब्लॉक टेस्ट करून घ्यावी: रेडिएटरच्या तोंडाशी निळे रसायन असलेली नळी धरतात, आणि पेट्रोल इंजिनाचा जळका वायू कूलंटमध्ये शिरत असेल, तर ते रसायन पिवळे पडते.