मालदीवची ‘डेमो ट्रिप’ आणि न आलेले मोटर-सर्फबोर्ड

मोटरवर चालणारे सर्फबोर्ड निम्म्या किमतीत देतो, आधी मालदीवला येऊन स्वतः चालवून पाहा, असे सांगून एका एजंटाने मालवण-देवबाग परिसरातील आम्हा काही जलक्रीडा व्यावसायिकांकडून मोठी रक्कम उकळली. कोकण किनाऱ्यावरील इतरांनाही तसेच निरोप येऊ लागल्याचे कळल्यामुळे घडलेला प्रकार येथे सविस्तर लिहीत आहे.

पावसाळ्यात आमच्याकडे जलक्रीडा बंद असतात आणि पुढच्या हंगामाची खरेदी त्याच काळात ठरते, हे या एजंटाला पक्के ठाऊक होते. विमानभाडे आमचे, तेथील राहणे-जेवण त्याचे आणि प्रत्येक बोर्डामागे एक लाख रुपये अनामत, तीही बोर्ड पसंत न पडल्यास परत, असा त्याचा प्रस्ताव होता. भारतीयांना मालदीवमध्ये पोहोचल्यावर पर्यटक व्हिसा विनाशुल्क मिळतो, त्यामुळे परदेशवारी असूनही कागदपत्रांची यातायात नव्हती. नामांकित बनावटीच्या ई-फॉइलची, म्हणजे पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या मोटर-सर्फबोर्डाची, किंमत दहा हजार डॉलरच्या वर जाते. एवढ्या महागाची वस्तू प्रत्यक्ष चालवून पाहायला मिळते म्हटल्यावर कोणत्याही धंदेवाल्याला ते रास्तच वाटेल.

मालेहून स्पीडबोटीने आम्हाला माफुशी बेटावर नेण्यात आले. बोर्ड दोन प्रकारचे होते. जेटबोर्डाची मोटर पाणी आत ओढून मागे जोराने फेकते, तर ई-फॉइलच्या तळाशी दांडा, त्याला पंख आणि पंखा असतो. वेग आला की पंखांच्या उचलीमुळे अख्खा बोर्ड पाण्यावर येतो आणि हातातल्या रिमोटचा खटका सोडताच हळूहळू खाली बसतो. बोर्डांविषयी आमची काहीही तक्रार नाही, ते उत्तमच होते. सगळी गोम होती ती ते कोणाचे होते यात. एका बोर्डाच्या टोकावरील एजंटाच्या कंपनीच्या स्टिकरचा कोपरा खाऱ्या पाण्याने सुटला आणि खाली पक्क्या रंगात घातलेला क्रमांक दिसला, जसा आम्ही भाड्याच्या कयाकवर घालतो. विचारल्यावर एजंट हसून म्हणाला, “शेठ, या सेंटरला माल आम्हीच पुरवतो, त्यांचे नंबर राहिलेत.” नंतर त्या केंद्राशी पत्रव्यवहार केला तेव्हा उलगडा झाला की, हा माणूस तेथे पुरवठादार नव्हे, तर तासाच्या भाड्याने बोर्ड घेणारा गिऱ्हाईक होता.

त्याच संध्याकाळी उरलेल्या रकमेपैकी निम्मी लगेच भरल्यास आणखी सवलत मिळेल, असे सांगण्यात आले. कंपनीचे खाते लेखापरीक्षणामुळे बंद असल्याची सबब पुढे करून त्याने एका व्यक्तीच्या बचत खात्याचा क्रमांक दिला आणि सीमाशुल्क वाचवण्यासाठी दोन बोर्ड तुमच्याच सामानातून विमानाने नेता येतील, असेही आश्वासन दिले. पैसे गेल्यावर हेच आश्वासन सर्वात आधी उघडे पडले. प्रवाशाला १६० वॅट-तासांपेक्षा मोठी सुटी लिथियम बॅटरी विमानात नेता येत नाही, ना हातातील सामानात ना मोठ्या बॅगेत, आणि ई-फॉइलची बॅटरी साधारण दीड ते दोन हजार वॅट-तासांची असते. असे बोर्ड विकणाऱ्या माणसाला ही गोष्ट माहीत नसणे शक्यच नाही. हे दाखवून दिल्यावर माल तुतिकोरीनला बोटीने पाठवतो, अशी नवी कथा सुरू झाली. त्याने पाठवलेल्या जहाज-पावतीच्या छायाचित्रावरचा क्रमांक जहाज कंपनीकडे अस्तित्वातच नव्हता, आणि त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

परदेशातून माल खरोखरच आणायचा असेल तर आयातदाराकडे आयात-निर्यात कोड लागतो, परदेशी विक्रेत्याचे पैसे अधिकृत बँकेमार्फत बिलाच्या आधारे जातात, आणि लिथियम बॅटरी जहाजानेही धोकादायक माल म्हणून जाहीर करूनच पाठवावी लागते, ज्यासाठी बॅटरीच्या सुरक्षा चाचणीचा अहवाल असावा लागतो. विक्रेता भारतातील असल्याचे सांगत असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर दोन मिनिटांत तपासता येतो. आमच्या एजंटाकडून यांपैकी एकही कागद शेवटपर्यंत आला नाही. आली ती फक्त समुद्राची सुंदर छायाचित्रे.

१९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर शेवटच्या हप्त्यापैकी काही रक्कम बँकेत गोठवली गेली आहे. आधीची अनामत मात्र तोवर खात्यातून काढून घेतली गेली होती. पोलिसांत लेखी तक्रारही दिली आहे. दरम्यान, नव्या मोबाइल क्रमांकावरून फिरणाऱ्या जाहिरातीत माफुशीच्या पाण्यात बोर्डावर उभ्या असलेल्या काही जणांचे छायाचित्र ‘कोकणातील समाधानी ग्राहक’ या ओळीसह दिले जात आहे. केशरी लाइफ जॅकेटमधील ती माणसे आम्हीच आहोत आणि आमच्यापैकी कोणालाही आजवर एकही बोर्ड मिळालेला नाही.