फायनल फँटसी चौदा आणि अल्बियन ऑनलाइन, दोन्ही बरेच महिने खेळून: लिहिलेली स्टोरी की आपण घडवलेली?

मागच्या पावसाळ्यापासून माझे दोन ऑनलाइन गेम सोबतच चालू आहेत, घरच्या जुन्या पीसीवर फायनल फँटसी चौदा आणि फोनवर अल्बियन ऑनलाइन. दोन्हीत स्टोरी इतकी उलट पद्धतीने चालते की एकाबद्दल लिहायला बसलं की दुसरा मध्ये येतोच, म्हणून एकत्रच लिहून टाकतो. दोन्ही फुकटात सुरू होतात, हे आधीच सांगतो, कारण आमच्या जळगावच्या ग्रुपवर कुठलाही गेम टाकला की पहिला प्रश्न "पैसा किती लागतस भो?" हाच येतो.

आधी फायनल फँटसी. हा गेम २०१० ला आला तेव्हा सपशेल आपटला होता. मग कंपनीने २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये जुने सर्व्हर बंद करताना गेममधल्या जगावर चंद्रच पाडला आणि २०१३ ला तेच जग नव्याने उभं करून परत आणलं. म्हणजे गेमचं अपयशच त्यांनी स्टोरीत घेतलं, हे मला फार आवडलं. फ्री ट्रायलला दिवसांची मुदत नाही, लेव्हल ७० पर्यंत जाता येतं, आणि हेवन्सवर्ड आणि स्टॉर्मब्लड ही दोन मोठी एक्सपान्शन्स (मूळ गेमला नंतर जोडलेले स्टोरीचे भाग) त्यातच मिळतात. एवढं फुकट कोणी देत नाही राव.

पण सुरुवातीचा भाग कंटाळवाणा आहे, खोटं कशाला बोलू. ह्याला हे नेऊन दे, त्याच्याकडून ते घेऊन ये, परत ये, परत जा. २०२० ला त्यांनी त्यातले बरेच क्वेस्ट कापले म्हणतात, तरी मला झोप यायची. आणि बोलणी सगळी इंग्रजीत, ती पण राजेरजवाडे बोलतील तसली जुन्या वळणाची, आवाज थोड्याच सीनला, बाकी सगळं वाचायचं. माझ्यासारख्या मराठी मीडियमवाल्याला पहिले काही आठवडे एका हातात डिक्शनरी लागते. हेवन्सवर्डला पोचलो आणि मग मात्र विषयच संपला. ईशगार्ड नावाचं बर्फातलं शहर, ड्रॅगनशी हजार वर्षं चाललेलं युद्ध, त्या युद्धाचं जे कारण सगळ्यांना शिकवलंय तेच खोटं निघतं, आणि मध्येच एक माणूस जातो, कोण ते सांगत नाही, पण त्या रात्री पीसी बंद करून गच्चीवर जाऊन बसलो होतो आणि आईने विचारलं काय झालं, तर काय सांगणार तिला.

आता यातली गंमत बघा. ही सगळी स्टोरी मी एकट्याने बघितली. गेम ऑनलाइन, सर्व्हरवर हजारो लोक, आणि प्रत्येकाला गेम सांगतो की जगाला वाचवणारा वीर तूच. शहराच्या चौकात निळ्या क्रिस्टलपाशी गेलं की असले पन्नास वीर उभे असतात, कोणी नाचतंय, कोणी अर्ध्या कपड्यात, कोणी लठ्ठ कोंबडीवर बसलंय. लिहिलेली स्टोरी आणि सोबतचे लोक यांचं जमत नाही, आणि त्याचा सगळ्यात चांगला पुरावा याच गेममध्ये आहे. मूळ स्टोरीच्या शेवटाला प्रेटोरियम नावाचं डंजन आहे, म्हणजे शत्रूंनी भरलेली, काही जणांनी मिळून पार करायची जागा, पूर्वी ते आठ जणांचं होतं. नवीन माणूस मन लावून सीन बघत बसायचा आणि जुने लोक सीन स्किप करून पुढे सगळं मारून मोकळे व्हायचे, बिचारा बाहेर येईपर्यंत खेळ खलास. शेवटी कंपनीने सीन स्किप करायचीच सोय काढून टाकली. मग जुन्यांची कुरकुर सुरू, की तेच तेच किती वेळा बघायचं. पुढे २०२२ ला ते डंजन चार जणांचं केलं. आणि आता तर ड्युटी सपोर्ट नावाची सोय आहे, स्टोरीची डंजन्स खऱ्या माणसांशिवाय, कॉम्प्युटरच्या पात्रांसोबत करता येतात. मी बहुतेक तशीच केली. म्हणजे मल्टिप्लेअर गेमची स्टोरी बघायचा उत्तम मार्ग कोणता, तर मल्टिप्लेअर बंद ठेवणे!

एक मान्य करतो, ट्रायलवाल्याला बंधनं आहेत. गिल्डमध्ये म्हणजे खेळाडूंच्या संघटनेत जाता येत नाही, बाजारात खरेदी-विक्री नाही, गिल म्हणजे तिथला पैसा तीन लाखाच्या वर साठत नाही. पैसे भरणाऱ्यांची तिथे घरं असतात, लग्नं लागतात, मैफली होतात असं ऐकतो, ते माझ्या वाट्याला नाही आलं. पण ते सगळं मुख्य स्टोरीच्या बाहेरचंच आहे ना? स्टोरीला त्याचा काही फरक पडत नाही.

आता अल्बियन. यात स्टोरी शोधाल तर सापडणार नाही. मॉर्गना, कीपर्स, हेरेटिक्स अशा टोळ्या आहेत, त्यांचा इतिहास कुठेतरी लिहिलेला असेल, मी आजवर एकही माणूस बघितला नाही ज्याने तो वाचलाय. २०१७ चा गेम, २०१९ ला फुकट झाला, २०२१ ला फोनवर आला, आणि पीसीवाले-फोनवाले एकाच जगात असतात. आशियाचा सर्व्हर सिंगापूरला आहे म्हणून इथून खेळण्यासारखा चालतो. गेम काय आहे, तर तलवारीपासून चपलेपर्यंत जवळपास प्रत्येक वस्तू कुठल्या तरी खेळाडूने बनवलेली असते. नकाशाच्या निळ्या भागात कोणी मारत नाही, पिवळ्यात पाडतील पण सामान जात नाही, लाल आणि काळ्या भागात मेलात की काही वस्तू नष्ट आणि उरलेलं सगळं मारणाऱ्याचं. प्रत्येक शहराचा बाजार वेगळा, भाव वेगळे, आणि माल एका शहरातून दुसऱ्या शहरात आपोआप जात नाही, तो कोणीतरी स्वतः वाहून न्यावा लागतो. बैलावर! खरंच, ट्रान्सपोर्ट ऑक्स म्हणून वाहन आहे. सुरुवातीच्या फायबरला, म्हणजे कापडाच्या कच्च्या मालाला, तर नावच कापूस आहे, विळ्याने कापायचा. चांगलं फायबर मिळतं थेटफोर्डच्या दलदलीत आणि त्याचं कापड करायला बोनस आहे लिमहर्स्टला, म्हणजे पिकतं एकीकडे आणि फायदा दुसरीकडे. आमच्याकडच्या माणसाला हे समजवायला लागत नाही.

आमच्यात रावेरकडचा एक मित्र आहे, घरी केळी. तो रोज सकाळी रावेरचा आणि बऱ्हाणपूरचा भाव बघूनच चहा घेतो. गेम सुरू केल्यावर आम्ही सगळे मारामारी शिकत होतो, याने पहिल्या आठवड्यातच कुठल्या शहरात काय स्वस्त ते पाठ केलं आणि महिनाभरात आमच्या सगळ्यांना तोच चिलखतं पुरवायला लागला, उधारीवर, आणि उधारी वसूल पण करायचा.

मग आम्ही कॅरलिऑनला माल न्यायला लागलो. हे मधलं शहर, चारही बाजूंनी लाल भाग. तिथे ब्लॅक मार्केट आहे आणि त्याची भानगड फार भारी आहे. तिथे खेळाडूंनी विकलेल्या वस्तूच पुढे राक्षसांना मारल्यावर त्यांच्यातून पडतात. म्हणजे कुठेतरी कोणाला डंजनमध्ये धनुष्य मिळालं आणि तो खूश झाला, ते धनुष्य कदाचित आमच्या रावेरवाल्याने बनवून विकलेलं असतं. त्यामुळे कॅरलिऑनला भाव चांगला, आणि भाव चांगला म्हणून वाटेत लुटारू. एका ठरावीक गेटपाशी एक टोळी कायम बसायची, तिघं जण, त्यातला एक भाला घेऊन फिरायचा. आम्ही एकाला रिकाम्या घोड्यावर पुढे पाठवायचो, तो व्हॉइसवर सांगायचा, "तठे तीन जन शेतस, थांबा तुम्ही", मग मागे बैल घेऊन आम्ही झाडाआड उभे, मागे कूलरचा घरघराट, कोणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या, आणि छातीत धडधड खरीखुरी. फायनल फँटसीत एवढे देव मारले, एकदाही अशी धडधड झाली नाही, कारण हरलो तर परत उभं राहून तेच करायचं हे माहीत असतं.

त्या भालेवाल्याने आम्हाला इतक्या वेळा लुटलं की त्याचं नाव आमच्या घरच्यांना पण माहीत झालं होतं. मग एक दिवस त्यानेच मेसेज केला, मोडक्या इंग्रजीत, की तुमचं कापड चांगलं असतं, रोज लुटण्यापेक्षा विकत घेतो. घेतलं की हो! दोन-तीन महिने तो आमचं मोठं गिऱ्हाईक होता, आणि त्या गेटवरून आमचा बैल मोकळा जायचा. हिवाळ्यात रावेरला मळ्यात भरीत पार्टी होती, तुरीच्या काड्यांवर वांगी भाजत होती आणि आम्ही चौघं बाजूला बसून या परक्या देशातल्या माणसावर किती भरोसा ठेवायचा यावर वाद घालत होतो, बाकीच्यांना वाटलं जमिनीचा व्यवहार चाललाय. पुढे तो मोठ्या गिल्डमध्ये गेला आणि त्याच गिल्डने आमचा रस्ता बंद केला. आम्ही पण मग त्यांच्या दुश्मनांना कापड स्वस्तात द्यायला लागलो. हे सगळं कोणी लिहिलं? कोणीच नाही.

पण हे अर्धंच खरं आहे, आणि मला इतके महिने खेळून जे कळलं ते हेच. खेळाडूंनी घडवलेली स्टोरी म्हणजे मोकळं रान नव्हे. कॅरलिऑन मध्ये ठेवणं, त्याभोवती लाल भाग ठेवणं, फायबर एकीकडे आणि बोनस दुसरीकडे, बैल मुद्दाम हळू, हे सगळं कंपनीतल्या कोणीतरी टेबलावर बसून ठरवलंय. त्यांनी गोष्ट लिहिली नाही, टंचाई लिहिली. टंचाई आणि नुकसान नसतं तर तो भालेवाला आमच्याशी का बोलला असता? ज्या गेममध्ये मेल्यावर काहीच जात नाही आणि बाजार एकाच बटणावर आहे तिथे लोकांना कितीही मोकळं सोडा, ते चौकात नाचतील फक्त.

ईव्ह ऑनलाइन या अंतराळयानांच्या गेममधली गाजलेली लढाई बघा, २०१४ च्या जानेवारीतली, बी-आर फाइव्ह नावाने ओळखतात. वीस तासांच्या वर चालली, ७५ टायटन म्हणजे सगळ्यात मोठी जहाजं नष्ट झाली, खऱ्या पैशात नुकसान तीन लाख डॉलरच्या आसपास धरलं गेलं. सुरू कशावरून झाली? एका सिस्टिमच्या, म्हणजे अंतराळातल्या एका इलाख्याच्या, ताब्याचं बिल भरायचं राहिलं. बिल! लाइट बिल राहिलं म्हणून महाभारत व्हावं तसं. नंतर कंपनीने त्या जागी मोडक्या जहाजांचं स्मारक करून ठेवलं. पण बिल भरायचा नियम कंपनीचाच होता, विसरणं तेवढं खेळाडूंचं.

उलटं पण होतं, कंपनीने ठरवलेलं नसताना. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये २००५ ला हक्कार नावाच्या बॉसचा, म्हणजे मोठ्या शत्रूचा, एक रोग होता, तो फक्त त्याच्या लढाईपुरता असायला हवा होता. लोकांच्या पाळीव प्राण्यांमधून तो शहरात आला आणि साथ पसरली, रस्त्यात सांगाडे. खऱ्या साथरोगांचा अभ्यास करणाऱ्यांनी पुढे त्यावर पेपर लिहिले. एवढ्या लिहिलेल्या स्टोऱ्या आहेत त्या गेममध्ये, पण जो गेम खेळत नाही त्याला पण हीच माहीत असते.

आता अल्बियनच्या तक्रारी. एक, बहुतेक रात्री काहीच घडत नाही. लाकूड तोडा, फायबर कापा, झोपा. मी वर जे सांगितलं ते महिन्यांतलं वेचून सांगितलंय. दोन, आणि ही मोठी, यात तुम्ही हिरो नसता. इतिहास लिहितात ते शेकडो लोकांचे गिल्ड, ज्यांच्याकडे रात्री दोनला लॉगिन करायला माणसं आहेत. आपण बहुतेक वेळा दुसऱ्याच्या स्टोरीत बैलासकट मरणारे. ज्याला दिवसभर साहेबाचं ऐकून घरी आल्यावर थोडा मोठेपणा हवाय त्याने फायनल फँटसीच खेळावा, तिथे राजे पण उठून उभे राहतात. तीन, ही स्टोरी तुमच्यासाठी थांबत नाही. लग्नसराईत मी महिनाभर गायब होतो, परत आलो तर गिल्डच्या एका ऑफिसरने पेटी रिकामी करून पळ काढलेला, अर्धे लोक सोडून गेलेले, आणि कोण कोणाचा दुश्मन हे परत विचारावं लागलं. फायनल फँटसीत जिथे सोडलं तिथेच ते लोक वाक्य बोलायला उभे होते. अर्थात लिहिलेलं कायम राहतं असंही नाही. डेस्टिनी टू या ऑनलाइन गेमने २०२० ला आपली पहिली, लोकांनी पैसे देऊन घेतलेली अख्खी मोहीमच गेममधून काढली.

खेळायचं असेल तर थोडं कामाचं. फायनल फँटसीला भारतात सर्व्हर नाही, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) जास्त राहणार, पण त्यातले हल्ले अडीच सेकंदांच्या ठेक्यावर चालतात म्हणून स्टोरीपुरतं अडत नाही. अल्बियन एकट्याने अजिबात सुरू करू नका, दोन-तीन ओळखीचे घ्या, आणि लाल भागात जे गमावलं तरी चालेल तेवढंच अंगावर घालून जा. प्रीमियमसाठी (जादा फायदे देणारी सोय) खरे पैसे द्यायची गरज नाही, गेममध्ये कमावलेल्या सिल्व्हर नाण्यांनी गोल्ड घेऊन ते घेता येतं, रावेरवाला तसंच करतो. एप्रिल-मे मध्ये दुपारी फोनवर खेळू नका, आमच्या उन्हात फोन एवढा तापतो की गेमच अडखळायला लागतो आणि नेमका त्याच वेळी कोणीतरी झाडाआडून येतो.